जळमटाचं बघण्याबाबत

मी, या इमारतीच्या तळमजल्यावरील दगडांच्या दुकानाचा मालक, शरीराने थकलेला पण डोकं जागेवर असलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या समजुतीने, कोणीही कोपर न मारता लिहून ठेवत आहे. छातीच्या डॉक्टरांनी माझा फोटो उजेडावर धरून सहायिकेला हळू आवाजात जे सांगितलं, ते मला दाराबाहेर नीट ऐकू आलं. माझे कान तिखट आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा उशीर नको. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

कलम १. यातलं काहीही वडिलोपार्जित नाही. वडिलांकडून मला फक्त खांदे मिळाले. त्या खांद्यांवर मी ज्वालामुखीच्या डोंगरावर अभ्यासकांच्या पेट्या वाहिल्या. पेट्या पाठीवर असत, कान मोकळे असत. पुढे चालणारे विद्वान कोणत्या दगडावरून भांडतात हे मागून ऐकता ऐकता, कोणता दगड उचलावा हे मला कळू लागलं. दुकान त्या भांडणांवर उभं राहिलं. सबब सर्व मिळकत स्वकष्टार्जित असून तिची वाटणी करण्याचा हक्क मला एकट्याला आहे.

कलम २. दुकान, त्यातला माल, हातोड्या, छिन्न्या, चिमटे आणि भिंगं पुतणीस द्यावीत. माल कुणालाही विकावा, पॉलिशवाल्याला विकू नये. हा गृहस्थ राखी दगडाला तेल चोपडून गिऱ्हाइकाला चमक दाखवतो. माझ्या आजारपणात समाचाराला आला तेव्हा “काय, बरं आहे ना?” हे त्याने माझ्या फडताळाकडे बघून विचारलं. फडताळ बरं आहे, असं मी सांगितलं.

कलम ३. बँकेतील शिल्लक चिरंजीवास द्यावी. त्याच्या आईचं शिलाई यंत्रही त्यालाच. ते वापरलं नाही तरी चालेल, पण विकू नये. इमारत मात्र त्याला देत नाही, आणि कारण इथेच लिहितो, म्हणजे मागून कोणी त्याचे कान भरायला नकोत. ही जागा विकून तिथे गाड्या उभ्या करायचा तळ करावा, असं त्याच्या मनात आहे. मी विचारलं, “आणि वर काका राहतात त्यांचं काय?” तो म्हणाला, “बाबा, त्यांची होईलच की काहीतरी सोय.” मुलगा वाईट नाही. पण ‘काहीतरी’ या शब्दात गादी घालून कोणाला झोपता येत नाही.

कलम ४. आतल्या कपाटात काचेच्या झाकणाची पेटी आहे. तीत बुचाच्या तुकड्यावर टेकवलेला मुठीएवढा दगड आहे. त्याखाली कापूस घालू नये, कापूस तंतू ओढून घेतो. दगडात एक खबदाड आहे आणि खबदाडात रुपेरी करडे तंतू आहेत, केसाहून बारीक. घरात आम्ही त्याला ‘जळमट’ म्हणतो.

वारसांना कळावं म्हणून सांगतो. डोंगराच्या माथ्यावर गरम वायू सुटणारी भोकं असतात. आम्ही हमाल त्यांना नाकपुड्या म्हणायचो. शिसं, बिस्मथ आणि गंधक तिथे वितळून वाहत नाहीत, वायूत मिसळून श्वासासारखे बाहेर येतात. भोकाच्या काठाशी जरा गार हवा लागली की त्यांचेच थेट तंतू होऊन दगडाला बसतात. जात धातूची, जड आणि चकाकणारी, पण तंतू इतका नाजूक की सुईने ढकलला तर मोडायच्या आधी वाकतो. त्या विद्वानांपैकी एका प्राध्यापकांनी भिंगातून बघून त्याला सल्फोसॉल्ट या कुळात बसवलं. म्हणजे आडनाव मिळालं, नाव राहिलं. नाव द्यायचं तर नीट मोजमाप हवं, आणि तेव्हाच्या यंत्रांना पुरेल एवढा माल खबदाडात उरला नव्हता.

का उरला नव्हता, तेही लिहितो. डोंगरावरून आल्यावर पेटी उघडून मी दगड धाकट्या भावापुढे ठेवला आणि कौतुकाने म्हणालो, “जळमट बघ.” त्याच्या मते मी म्हणालो, “जळमटाचं बघ.” दुकानात येणाऱ्या प्रत्येक दगडावरची धूळ काढणं हे त्याचंच काम, आणि तो ती तोंडानेच काढायचा. त्याने गाल फुगवून फुंकर मारली. डोंगराने श्वास सोडून सोडून जमवलेलं ते एका श्वासात गेलं. तळाशी चिमूटभर राहिलं.

“अरे, हे काय केलंस?”

“तूच म्हणालास, जळमटाचं बघ.”

“मी ‘बघ’ म्हणालो. त्यात ‘चं’ कुठून घातलास?”

“दादा, कान चांगले म्हणून तुझं तोंडही चांगलं असेल असं नाही.”

ती नाकपुडी पुढे गार पडली, तेव्हा परत जाऊन आणायची सोय नव्हती. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो ‘वरचे’ झाला, मी ‘खालचे’. “खालच्यांना सांग, पाणी गेलंय.” “वरच्यांना म्हणावं, आमचंही गेलंय.” जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून पुतणी हे निरोप पोचवत मोठी झाली. एकदा म्हणाली, “मला पगार तरी द्या, नाहीतर एकमेकांशी बोला.” आम्ही दोघांनीही पगार देऊ केला.

जळमट पुतणीस द्यावं. ती म्हणते, आताच्या यंत्रांना कणभर मालही पुरतो. तिने मोजून घ्यावं. नाव ठरवायची पाळी आली तर माझं देऊ नये. लोकांनी मला आयुष्यभर ‘दगडवाले’ म्हटलं, तेवढं पुरे.

कलम ५. वरचा मजला धाकट्या भावास हयातीपर्यंत राहण्यास द्यावा आणि त्यानंतर संपूर्ण इमारत पुतणीच्या नावे व्हावी. त्याला तिथून उठवण्याचा, हलवण्याचा किंवा त्याची सोय करण्याचा अधिकार कोणासही नाही.

आधीच्या मृत्युपत्रात हे कलम नव्हतं. ते का घातलं, याला कारण नळी आहे. दुकानात पूर्वी लोखंडी शेगडी होती. शेगडी काढली, पण धुराची नळी तशीच राहिली. ती वरच्या खोलीतून जाते आणि दोन्ही मजल्यांवर तिला तोंड आहे. गेल्या हिवाळ्यात मी खाली बसलो असताना वर तो पुतणीला दगड हाताळायला शिकवत होता.

“थांब. तोंड बाजूला कर. श्वास दगडावर सोडू नकोस.”

“बाबा, धूळ आहे हो नुसती.”

“असू दे. तुला वाटते धूळ. आधी नुसतं बघ.”

मी खुर्ची नळीजवळ ओढली. औषधाची वेळ टळून गेली.

कलम ६. वादातील ‘चं’. तो मी लावला नव्हता, हे माझं म्हणणं कायम आहे. पण भांडायला दम लागतो, आणि माझा हल्ली शर्टाची बटणं लावतानाच संपतो. सबब तो ‘चं’, त्यावरील माझ्या सर्व हक्कांसह, मी राजीखुशीने धाकट्या भावास देत आहे. यापुढे मी ‘जळमटाचं बघ’ म्हणालो असं त्याने कुठेही सांगितल्यास माझ्या वारसांनी हरकत घेऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं त्या म्हणाल्या. नाहीतर एकाला वरून बोलावणार होतो.

सही करण्यापूर्वीची नोंद. माझा आवाज पुरत नाही म्हणून वकीलबाईंनी वरील मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. कलम सहा संपलं तेव्हा वर खुर्ची सरकली आणि नळीतून आवाज आला, “दादा, तो ‘चं’ राहू दे तुझ्याकडेच. औषध घेतलंस का?” साक्षीदारांनीही तो ऐकला आहे. औषध घेतलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, दिलेली वस्तू त्यांनी नाकारली तर कलम बदलावं लागेल. मी नळीला तोंड लावून विचारलं, “नाकारतोस का?” वर खुर्ची पुन्हा सरकली. मग जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी जपून. हातात पाण्याचा पेला भरलेला असणार.

मजकूर आहे तसाच ठेवला आहे.

(सही) दगडवाले

साक्षीदार
१. (सही) समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर
२. (सही) शेजारच्या खोक्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई

स्थळ: दुकान, नळीजवळ
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो