उसने तास

प्रिय फुल्वियो,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्यावरून फार काही समजू नकोस. मंगळवारी तुझा फोन आला. अर्धा तास बोललास. हृदयाची झडप बदलायची आहे, डॉक्टर अगदीच तरुण आहे, तुझी बायको ग्राझिएल्ला स्वयंपाकघरात जाऊन रडते, घरी आल्यावर दोन महिने कामाला हात लावायचा नाही. मग डोंगरावर यंदा बर्फ किती लवकर पडलं यावर आलास. ज्यासाठी फोन केला होतास ते काही तुझ्या तोंडून निघालं नाही, आणि मीही विचारून तुझं काम सोपं केलं नाही. तुला काय हवं होतं ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे तुला कळत होतं. इतकी वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेल्यांचं असंच होतं.

आपल्या त्या खोलीत अर्धे पगारी, अर्धे आपल्यासारखे तासांचं बिल लावणारे, बिलावरचे. बाहेरून आलेल्याला फरक कळायचा नाही. गाडीच्या दारांचे तेच आराखडे, तोच साहेब, कॉफीच्या मशीनला त्याच शिव्या. फरक दिसायचा तो कुणी आजारी पडलं की. पगारी माणूस डॉक्टरची चिठ्ठी पाठवून पांघरुणात शिरायचा. आपण अंगात ताप घेऊन यायचो, कारण टाइमशीटवर तास नाहीत तर बिल नाही, आणि बिल नाही तर महिनाअखेरीपासून नव्वद दिवसांनी यायचे ते पैसेही नाहीत. माझ्या घरमालकिणीला हे नव्वद दिवस कधी समजावून सांगता आले नाहीत. ऑगस्ट मध्ये आला की आणखी उशीर, कारण हिशेब बघणारे सगळे समुद्रावर.

म्हणून आपल्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सेकोंदोने ती पद्धत काढली. आजारी माणसाचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं आणि तास त्याच्या नावावर लिहायचे. बरा झाला की त्याने जादा बसून ते फेडायचे. कंपनीचं काही बुडत नव्हतं, काम तर होतच होतं, फक्त ते कुणी केलं तेवढं खोटं असायचं. बिलावरच्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच लिहायचे, हा त्याचा नियम. पकडले गेलो तर सगळेच घरी जाणार होतो, त्यामुळे एकानेही नको म्हटलं की विषय संपायचा. पण कुणी कधी नको म्हटलं नव्हतं.

तुझी आई आस्तीच्या घरी अंथरुणाला खिळली तो अख्खा शरद ऋतू आम्ही तुझे तास लिहिले. सर्वांत जास्त सेकोंदोने. साठीतला माणूस, शनिवारीसुद्धा येऊन बसायचा. आईला शेवटचं पोचवून तू परत आलास, हेझलनटचा केक घेऊन, आणि मशीनपाशी सेकोंदोच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलास. त्या दिवशी मला तू फार आवडला होतास. आपल्या दोघांबद्दल खोलीत काय बोलत ते तुला माहीत आहे. ते खोटं होतं, पण माझ्या बाजूने अगदीच खोटं नव्हतं. आता लिहायला हरकत नाही.

मग तू पगारी झालास, आमच्या टाइमशीट मंजूर करायला बसलास. आम्ही वर्गणी काढून तुला बारोलो वाइनची महागडी बाटली दिली. आपला माणूस वर बसला, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. किती भोळे होतो बघ. दुसऱ्याच महिन्यात तू पंचवीस तारखेची मुदत घातलीस. टाइमशीटला एक दिवस उशीर झाला की बिल पुढच्या महिन्यावर, आणि ते नव्वद दिवसही तिथून पुढे. आम्ही म्हटलं, वरून दबाव असेल.

सेकोंदोचं मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालं ते जूनमध्ये. आम्ही तास लिहिले आणि घाईघाईत सान जोव्हानीच्या दिवशीही त्याच्या नावावर पूर्ण दिवस टाकला. सगळं शहर सुट्टीवर, कंपनीचं गेट बंद. ही चूक बिलावरचा माणूसच करणार. पगारी माणसाला सणवार पाठ असतात. आपण सणाच्या दिवशीही घरी बसून आराखडे काढतो, आपल्या ध्यानात कुठला राहायला सण? तू ती टाइमशीट 'तारीख दुरुस्त करा' म्हणून परत पाठवू शकला असतास. असं शंभरदा झालं होतं. तू मात्र गेटवरची अख्ख्या महिन्याची नोंद मागवलीस आणि ती जोडून कागद वर पाठवून दिलास.

सेकोंदो टाके घेऊन आला तेव्हा तू उठून उभासुद्धा राहिला नाहीस. म्हणालास, "यात माझं काही नाही. गेटवरची नोंद आणि तुमचे तास जुळत नाहीत." सेकोंदो एवढंच म्हणाला, "तुझे तरी कुठे जुळत होते रे?" आणि आपल्या खुर्चीवरची उशी काढून घेऊन गेला. इतरांची नावं त्याने सांगितली नाहीत. 'सगळं मीच लिहिलं' अशी सही करून दिली. त्याचं शेवटचं बिल कंपनीने अडवून धरलं ते धरलंच. आता तो मोंकालिएरीत एका फर्निचरवाल्याकडे ओट्याखालच्या कपाटांची मापं काढतो. अंगणात मी तुला गाठलं होतं, तेव्हा तू म्हणालास की मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. फुल्वियो, दुसऱ्याला कुठे बघायचं तेच कळलं नसतं. उसने तास कसे लपवतात हे ज्याने स्वतः घेतले त्यालाच माहीत असतं. माझा सगळा राग या एका गोष्टीचा आहे.

यंदा जानेवारीत तुमची मंजुरीवाल्यांची अख्खी फळीच कंपनीने मोडली आणि तू बिलावर होऊन परत आमच्यात आलास. आम्ही टेबलं सरकवून तुला जागा केली. मार्चमध्ये तू हळूच मला विचारलंस, पैसे अजून कसे आले नाहीत गं? मी बाथरूममध्ये जाऊन हसले. मग तिथेच थोडी रडलेसुद्धा.

शुक्रवारी आम्ही सगळे बारमध्ये जमलो. सेकोंदोही येतो अजून, शुक्रवार चुकवत नाही. तुझा विषय मीच काढला; तुला बोलता आलं नाही ते मी बोलले. आता घरून केलेलं कामही टाइमशीटवर चालतं आणि त्याची नोंद गेटवर होत नाही, त्यामुळे तास लिहिता येण्यासारखे आहेत. एकेकाने हो म्हटलं, कुणी लगेच, कुणी ग्लासात बघत. सेकोंदोला आता मताचा हक्क नाही, तरी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा. आजारी माणसाचे तास लिहायचे असतात, त्याची लायकी तपासायची नसते." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नको म्हटलं. सेकोंदो "पोरी, तू त्याच्यासारखी होऊ नकोस," म्हणाला, आणि मी नकारार्थी मान हलवल्यावर ग्लास तसाच टाकून निघून गेला. काल फोन केला तर त्याने उचलला नाही. दोन महिने तुझी टाइमशीट कोरी राहील. तुला वाटेल म्हाताऱ्याने उट्टं काढलं, आणि ग्राझिएल्लाही तेच म्हणेल. ते तुम्हाला वाटू नये म्हणून हे पत्र. त्याने नाही, मी. तुझं ऑपरेशन नीट व्हावं, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. पण तास मिळणार नाहीत.

एके काळी तुझीच होती ती,
ओर्नेल्ला