कलम चारची दुरुस्ती

लिंकन, नेब्रास्का
९ मार्च

प्रिय हॉलिस,

मनगट कसं आहे? आई सांगत होती, प्लास्टर निघालं तरी तू अजून डाव्या हातानेच दाढी करतोस आणि अर्धी हनुवटी तशीच ठेवून शाळेत शिकवायला जातोस. पोरं हसत असतील. हसू देत, तुझ्या इतिहासाच्या तासाला तेवढंच सुख आहे बिचाऱ्यांना. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. आई म्हणते, ‘फोनवर सरळ विचारून टाक की!’ पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ‘आता याचं मूळ बघायला गेलं तर’ असं सुरू होतोस, आणि मग माझा धीर गळतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

काल कामावरून येताना इथल्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर शाळेची सहल दिसली आणि आपल्या सहली आठवल्या. लोकांची पोरं सुट्टीत समुद्रावर जायची आणि मी तुझ्या त्या खडखडणाऱ्या गाडीतून एकेका राज्याची राजधानी बघत हिंडायची! वाटेत तू त्या राज्याची घटना माझ्या मांडीवर टाकणार आणि म्हणणार, ‘शोध, देशाच्या घटनेशी काय काय जुळतं?’ सुरुवातीला ‘आम्ही लोक’. मग सत्तेचे तीन वाटे: कायदे करणारे, कारभार बघणारे, न्याय देणारे. मग लोकांचे हक्क, आणि शेवटी ही घटना बदलायची कशी ते. ओहायोपर्यंत मला सगळं तोंडपाठ झालं होतं. मी वैतागून विचारलं, ‘सगळ्या सारख्याच आहेत, मग इतक्या कशाला?’ तू म्हणालास, ‘घरंही सारखीच असतात. दार, खिडकी, स्वयंपाकघर. म्हणून सगळ्यांनी एकाच घरात राहायचं का?’ तेव्हा मला तुझा फार राग आला होता, कारण उत्तर चांगलं होतं.

आणि मग इथे, याच इमारतीत, मी तुला पकडलं. घरी तुझा नियम असा की कुठलीही परवानगी दोन्ही सभागृहांत मंजूर व्हायला हवी. वरचं सभागृह आई, खालचं तू. आईने नाही म्हटलं की मी तुझ्याकडे यायची, आणि तू पेपरातून डोकंसुद्धा न काढता म्हणायचास, ‘वर फेटाळलंय ना? मग इथे काय काढलंस?’ इमारत दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं की साऱ्या देशात फक्त नेब्रास्काला एकच सभागृह आहे, आणि मी त्या घुमटाखाली ओरडले, ‘बघ! एकच पुरतं! तू यायच्या आधी माझं आणि आईचं मस्त चाललं होतं!’ सगळे वळून बघायला लागले. आई लाल झाली. तू टोपी काढून डोकं खाजवलंस आणि म्हणालास, ‘चालतं की एकावर. छान चालतं. दुसरं असलं तर मधूनमधून आइस्क्रीम मिळतं, एवढंच.’ मी फुगलेल्या तोंडाने दोन गोळे खाल्ले. वडिलांची आठवणही नसलेल्या अकरा वर्षांच्या पोरीने परक्या माणसाला घर लगेच उघडून द्यायचं नसतं, हे मला आजही पटतं.

दारावरचा कागद आठवतो ना? आईशी लग्न करून तू सामान घेऊन आलास त्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या खोलीच्या दारावर नियम लावले होते. टकटक करून उत्तराची वाट बघावी. आईच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसू नये. रविवारी धिरडी मीच उलटणार. आणि चौथा: हॉलिसला कोणीही माझा बाबा म्हणू नये. तू चष्मा लावून तो कागद उभ्याउभ्या वाचलास. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्या आठवड्यात तू घराची घटना लिहिलीस ती माझ्याच कागदावरून, चारही कलमं जशीच्या तशी. म्हणालास, ‘लोकांना वाटतं, राज्यांनी देशाची नक्कल केली. अगं, आपल्या मॅसॅच्युसेट्सची घटना देशाच्या आधीची आहे! देशानेच आपल्यासारख्या राज्यांकडून उचललं. मी नंतर आलोय, तेव्हा उचलणार मीच.’ तुझं स्वतःचं एकच कलम होतं, पाचवं: ही घटना तिघांच्या सह्यांनी बदलता येईल. मी विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, ‘असू दे.’

घटनेचा तो कागद अजून घरच्या फ्रिजवर आहे, आणि चौथं कलम तू माझ्यापेक्षा जास्त पाळलंस. हार्डवेअरच्या दुकानातला म्हातारा म्हणायचा, ‘पोरगी बापावर गेलीय, उभी राहते तीसुद्धा तशीच.’ तू लगेच दुरुस्त करायचास, ‘नाही हो, माझ्या बायकोची मुलगी.’ माझ्या पदवीदान समारंभातसुद्धा तेच. खरं तर तो म्हातारा बरोबर होता. मी पाठीमागे हात बांधून उभी राहते, वाद घालताना चष्मा पुसते, आणि परवा ऑफिसात माझ्या तोंडून निघालं, ‘आता याचं मूळ बघायला गेलं तर.’ सगळे हसले. मीच घाबरले.

आणि मग जानेवारीत तू माझ्याकडे आलास आणि माझ्याच दारासमोर बर्फावरून घसरलास. दवाखान्यात नर्सने मला विचारलं, ‘तुम्ही यांची मुलगी का?’ मी तोंड उघडलं होतं, हॉलिस. मी हो म्हणणार होते. पण तू स्ट्रेचरवरून, हात मोडलेला, चेहरा पांढराफटक, तरी म्हणालास, ‘नाही, माझ्या बायकोची मुलगी. फार चांगली आहे.’ तुला आत नेलं आणि मी कॉफीच्या यंत्रासमोर उभी राहून रडले, आणि मग हसूच आलं. एका हट्टी पोरीचा कायदा तू वीस वर्षं इतका इमानाने पाळशील असं त्या पोरीला वाटलंच नव्हतं.

तर विचारायचं ते हे. सोबत दोन कागद आहेत. पहिला आपल्या घटनेची दुरुस्ती: कलम चार रद्द. दुसरा कोर्टाचा अर्ज. मोठ्या माणसांनाही दत्तक घेता येतं, मी चौकशी केली आहे. तुला नको असेल तर नको म्हण, रविवारची धिरडी तरीही मीच उलटेन. पण मला तुझी मुलगी व्हायचं आहे, कागदावरसुद्धा. माझी सही झाली आहे, आईचीही तुला न कळू देता टपालाने मागवून झाली आहे. तुझी डाव्या हाताची चालेल. वरच्या सभागृहात मंजूर झालंय, हॉलिस. आता पेपरातून डोकं काढ.

तुझीच,
मंजुरी येईपर्यंत नुसतीच
डेलिया