धर्माचा रकाना

१६ नोव्हें. १९८६, रवि.
पांढुर्ण्याच्या चर्चमध्ये उपासना. पाळकसाहेबांनी रूथच्या लग्नाची नावे मंडळीसमोर वाचली. तीन रविवार वाचतात, आज पहिला. "कोणाची हरकत असल्यास सांगावे." कोणी बोलले नाही. "मोतीराम यांची मुलगी" ऐकले आणि मी खिडकीकडे पाहिले, बाहेर ओळखीचे कोणी आहे का म्हणून. पोरीच्या आनंदाच्या दिवशी बाप चोरासारखा. सौंसरला राहून पांढुर्ण्याच्या मंडळीत जातो ते याचसाठी. सात वर्षे हेच.

१८ नोव्हें.
शाळेत नवे फॉर्म आले. सर्व्हिस बुकाची तपासणी. प्रत्येक मास्तरने जात-धर्म नव्याने लिहून सही करायची. १ डिसें. शेवटची तारीख. ६९ साली राखीव जागेवर लागलो तेव्हा 'हिंदू महार' लिहिले होते, आणि तेव्हा ते खोटे नव्हते. बाप्तिस्मा ७९ चा, तो कागदावर आलाच नाही. ख्रिस्ती लिहिले की कायद्याने ती जात राहत नाही. मग सतरा वर्षांच्या नोकरीचे काय, ते...
बायकोला फॉर्म दाखवला. शांता म्हणाली, "देवाले सगळं माहीत हाये. त्याले काय फॉर्म दाखवा लागते?"
त्याला माहीत आहे, याचीच तर भीती वाटते, बाई.

२० नोव्हें.
मेहुणे सुखदेवराव लोधीखेड्याहून आले, संत्री घेऊन. रोज विहारात जाणारा माणूस. आमच्या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षे बोलले नव्हते. आज म्हणतात, "भाऊजी, आमी बी बुद्ध झालो, पण कागदावर हिंदूच. पोरायसाठी लिहाच लागते. तुमीच काहून इतकं जिवाले लावून घेऊन राहिले?"
ते चुकीचे बोलत नाहीत. आपल्या माणसाने कुठेही जावे, सरकार जुनाच शिक्का मागते. पण रविवारी लेकरांना खोटे बोलू नये म्हणून शिकवणारा मीच ना. कोणत्या तोंडाने.

२३ नोव्हें., रवि.
दुसरे वाचन. पत्रिका छापून आल्या. शांताचे डोके, म्हणून दोन प्रकारच्या. एकीवर क्रूस आणि 'रूथ'. दुसरीवर नुसते 'शुभविवाह' आणि शाळेतले नाव, 'रेखा'. ही शाळेसाठी, शेजाऱ्यांसाठी. पैसे मीच दिले, नाही म्हटले नाही. रूथने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि भाकरी थापायला गेली.

२६ नोव्हें.
घात झाला. घाईघाईत बडे गुरुजींना, आमच्या हेडमास्तरांना, क्रूसवाली पत्रिका दिली. मधल्या सुट्टीत पिशवी पाहिली तेव्हा कळले. नंतरचे तास काय शिकवले देव जाणे. शाळा सुटल्यावर त्यांनी बोलावले, दार लोटून घेतले. पत्रिका पाकिटात घालून माझ्या हातात दिली.
"मास्तर, ही दुसऱ्या कोणाची माह्याकडे आली वाटते. माही मले देजा. चष्मा नोहता, मी काही वाचलं नाही."
मी पिशवीतून दुसरी काढली. म्हणालो, "हो, चुकून आली."
किती पटकन म्हणालो! ते रागावले असते तर बरे झाले असते. भल्या माणसापुढे खोटे बोलणे फार सोपे असते. पेत्राने प्रभूला नाकारले तेव्हा निदान कोंबडा आरवला. इथे चहा आला. प्यालो.

२७ नोव्हें.
रूथला सगळे सांगितले. लपवणार कोणाकोणापासून. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली, "बाबा, नोकरी गेली त मी बोलणार नाही. राह्यली त बी बोलणार नाही. पण हिंदू लिहान त लग्नात माहा हात तुमी नोका देऊ. मामा देतीन."
मी चिडलो. मामा आपल्या देवाला मानत नाही, म्हटले.
"मामाचा विहार साऱ्या गावाले माहीत हाये. तुमची मंडळी कोणाले माहीत हाये?"
थोबाडीत मारली असती तर कमी लागले असते. आवाजसुद्धा चढवला नाही पोरीने.

३० नोव्हें., रवि.
तिसरे वाचन. "कोणाची हरकत असल्यास..." उभे राहून सांगावेसे वाटले की हरकत आहे, पोरीवर नाही, तिच्या बापावर. बसून राहिलो. प्रार्थनेत डोळे मिटले, पण मागू काय? नोकरी राहू दे म्हणू, की ती सोडायची हिंमत दे म्हणू? आमेन मात्र सगळ्यांबरोबर म्हटले. शांता येताना बसमध्ये माझा हात धरून बसली होती. लग्नाला इतकी वर्षे झाली, असे तिने कधी केले नव्हते.

१ डिसें., सोम. सकाळ.
बडे गुरुजी शाळेच्या आधी घरीच आले. "आज डाक जाते, मास्तर. तुमाले तरास नको म्हणून फॉर्म मीच भरून आणला."
सगळा फॉर्म शाईने, त्यांच्या वळणदार अक्षरात. धर्माच्या रकान्यात तेवढे पेन्सिलने: हिंदू.
"यावर शाई फिरवा, सही करा. मी भाहीर बसतो."
म्हणजे यांना सगळे कळले आहे. तरी हा माणूस माझ्यासाठी... ओसरीत खाटेवर बसले आहेत. रूथने चहा नेऊन दिला. "सुखी राह्य रेखा," म्हणाले. तिने मान लववली.
शांता आतून विचारते, "झालं काय लिहून?"
"लिहून राहिलो," म्हटले. लिहितो आहे ते या वहीत. फॉर्म बाजूला पडला आहे, आणि बाहेर त्यांची बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.