ठमी कुरणावर गेली

१८ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय आजीबाई,

पत्र मिळालं. आपली लेक आणि नातू खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. नातू माझ्यासारख्या जांभया देतो म्हणतेस, म्हणजे घराण्याचं नाव राखणार. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण ऐकून घ्यायला तू नाहीस म्हणून तोही गप्प बसतो.

मोठी बातमी तबेल्यातली, आपल्या ठमीची. तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हाच ती घोडी बिघडायला लागली होती. पुढे फारच झालं. दिवसभर दाराशी उभी राहून झुलायची, चौकट दातांत धरून हवा गिळायची. साधी बादली आपटली तरी घामाने निथळायची. मग घोडेस्वारी शिकायला आलेल्या एका मुलीच्या दंडाला ती चावली. मालक म्हणाले, काढून टाकू. एवढ्या वयाची चावरी घोडी कोण घेणार? काढून टाकू म्हणजे काय, ते मला कळलं.

मी विनवण्या करून थोडी मुदत मागून घेतली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी ठमीची लाळ कापसावर घेऊन तपासायला पाठवली. जिवावर किती ताण आहे ते त्यातून कळतं म्हणे. मग म्हणाल्या, घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं गवत पचवण्यासाठी असतं. आपण दोन वेळा दाणा घालतो, तो चटकन संपतो आणि रिकाम्या पोटात आग होत राहते. त्यात चहूकडे भिंती, शेजारी कुणी नाही. मग बादली वाजली तरी तिला वाघ आल्यासारखं वाटतं.

मला पटलं नाही. दाणा कमी करायचा म्हणजे लेकराच्या ताटातलं काढून घ्यायचं. तरी केलं. जाळीत सुकं गवत टांगलं, भिंतीत खिडकी पाडून घेतली, पलीकडे म्हातारा पांढरा घोडा आणून बांधला. सुरुवातीला काही फरक दिसेना. मग एका दुपारी पाहतो तर दोघांची तोंडं खिडकीत, आणि ठमी एक पाय सैल सोडून पेंगतेय. लाळ पुन्हा तपासली तेव्हा ताण बराच उतरला होता.

बाईंनी जाता जाता विचारलं, "आणि तुमचं जेवण काय असतं हो?" मी हसण्यावारी नेलं. तुला सांगतो, चहा आणि पाव. ओट्याशी उभ्या उभ्या खातो, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की उगाच दार उघडून बघतो.

परवा ठमी गेली. बाईंच्या ओळखीचं मोठं कुरण आहे, तिथे बऱ्याच घोड्या आहेत. मालक एका पायावर तयार झाले. मला विचारलं तेव्हा मीच हो म्हणालो. सोडल्यावर ती फाटकाशी थबकली, माझ्या खांद्याला नाक घासलं आणि कळपाकडे निघाली. पळाली नाही, सावकाश चालत गेली. वळून पाहिलं नाही. मला फार आनंद झाला, आणि परत येताना गाडीत रडू आवरेना.

तू जाताना म्हणाली होतीस, "तुम्हीही चला. घोडीला दुसरं कुणी बघेल." लेकीनेही पुन्हा पुन्हा बोलावलं. दर वेळी मी ठमीला पुढे केलं. खरं सांगायचं तर लेकीच्या घरात पाहुण्यासारखं राहायची मला भीती वाटते. अजूनही वाटते. पण तुझ्याशिवाय राहायची सवय काही लागत नाही, आणि ती लागावी असंही वाटत नाही.

या महिन्यानंतर काम सोडतो, असं मालकांना सांगून आलो आहे. तिकडे माझी अडचण होणार असेल तर स्पष्ट लिही. नसेल तर लांबलचक काही लिहू नकोस. नुसतं 'या' लिही.

तुझ्याकडे निघायला टेकलेला,
तुझाच