छापून न आलेला प्रश्न

कोल्हापूर,
ता. ९ डिसेंबर १८९९

श्रीयुत हंबीरराव दाजी यांस जोतीरामचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे. जिवंत आहोत, एवढंच. आई अजून आक्काच्या नावानं हाक मारते आणि मग पुन्हा चुलीकडे वळते. झुंबरचा खोकला गेला का? वडगावात प्लेगचं कसं काय आहे?

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. काम होतं म्हणून उत्तर राहिलं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. छातीच झाली नाही.

तुम्ही लिहिता, 'त्या मुंबईच्या डॉक्टरला तुझ्या साप्ताहिकात उघडा पाड. गावात पहिल्यांदा मी प्लेगची सुई टोचून घेतली आन् तापानं फणफणलो. सारं गाव म्हणालं, सुईनंच प्लेग घातला. म्हणून तुझ्या आक्काला मी टोचू दिलं न्हाय, आन् ती गेली. टोचल्यावर ताप येतो हे त्या डॉक्टरनं दडवलं.'

दाजी, त्यानं दडवलं नाही.

आमच्या साप्ताहिकातर्फे विद्वानांशी भरसभेत संवाद होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. समाज, शास्त्र, संस्कृती, काय वाट्टेल ते. प्रश्नोत्तरं उतरून घेऊन छापायचं काम माझं. भाद्रपदात ते मुंबईचे डॉक्टर प्लेगच्या सुईवर बोलायला आले तेव्हा पुढची बाकं वकील-मास्तरांनी अडवली होती. दाराशी उचगावची इमामबी उभी होती, बाळंतपणं करणारी सुईण. ती मध्येच म्हणाली, "सायेब, सुई टोचली की ताप येतो म्हंत्यात. त्यो सुईचा का प्लेगचा, आमी कसं वळखायचं?"

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. खुर्चीवरून उठून दाराशी गेले आणि पाव तास तिच्याशीच बोलले. "ताप येणारच, बाई. दंड दुखेल. एक-दोन दिवसांत उतरेल. हे आधीच सगळ्यांना सांगा, नाहीतर पहिल्याचा ताप बघून बाकीचे पळतील."

सगळं मी उतरून घेतलं होतं. छापताना काढून टाकलं.

विद्वानांच्या संवादात सुईणीचं बोलणं शोभत नाही, असं मला वाटलं. तिच्या जागी माझा स्वतःचा प्रश्न घातला, 'पाश्चात्य शास्त्र आणि आपला आचारधर्म यांचा मेळ कसा घालावा?' कुणाला पाहिजे होता तो मेळ! डॉक्टरांनी दोन वाक्यांत उरकलं होतं, मी त्याच्या बारा ओळी केल्या.

तुमच्या चावडीत तो अंक वाचून दाखवला, तेव्हा 'माझ्या भावाचा प्रश्न छापलाय' म्हणून आक्का गल्लीभर सांगत हिंडली म्हणे. आणि तिच्या दहाव्याला मी तुमच्याशेजारी बसून डॉक्टरला शिव्या घातल्या, तुमच्याहून मोठ्यानं. याला हलकटपणा नाही तर काय म्हणायचं?

परवा बाजारात इमामबी भेटली. तिनं उचगावात घरोघर जाऊन तापाचं आधीच सांगून ठेवलं होतं. लोकांनी टोचून घेतलं, ताप आले, उतरले, कुणी पळालं नाही. मला म्हणाली, "तुमच्या कागदापरीस माझं तोंड बरं की, मास्तर." पिशवी उचलली आणि घरी आलो.

आता तुम्ही कुणालाच सुई लावू देत नाही असं कळलं. पोटच्या झुंबरलाही नाही. दाजी, पाया पडतो, पोरीला टोचून घ्या, आजच. ताप येईल, येऊ दे. तुमचा उतरला तसा तिचाही उतरेल. शिव्या मला घाला, दारात उभं करू नका, पण माझ्या पापाची शिक्षा त्या लेकराला नको.

हे पत्र चावडीत मोठ्यानं वाचा. आईला मात्र मीच सांगेन. तिला अजून वाटतं, आक्का तुमच्यामुळंच गेली.

तुमचा मेहुणा म्हणवून घ्यायची लायकी राहिली नाही, म्हणून नुसता

जोतीराम