पालथा फोटो

मामा, काल देवळाजवळच्या आपल्या हौदातलं पाणी सोडलं. तुम्ही असताना आपण ते वर्षातून एकदाच सोडायचो, माघातली गर्दी ओसरली की. वाया जाऊ नये म्हणून चारी काढून शेजारच्या कांद्याला द्यायचो. काल शेजारी कांदा नव्हता, मुरूम आणून टाकलेला होता. जागेच्या मालकाला हौदासकट सगळ्या जागेवर लॉज बांधायचं आहे. माणूस वाईट बोलला नाही. "वहिनी, इतकी वर्सं कधी काय म्हणलो का? आता पोरं ऐकत न्हाईत," एवढंच म्हणाला. पाणी पाइपातून मुरुमावर गेलं आणि तिथेच जिरलं. मी हौदाच्या कडेला माझ्या बाजूला बसले होते, तुमची बाजू समोर होती. रिकामा झाल्यावर पुन्हा कळलं की हौद किती लहान आहे. पाणी असताना तुम्ही लांब बसल्यासारखे वाटायचात.

आपल्या चारही खेळण्यातल्या बोटी कळंबचा एक हॉटेलवाला घेतोय. पुणे-नाशिक रस्त्यावर त्याचं हॉटेल आहे, मागे बाग आहे, बागेत मुलांसाठी काहीतरी हवं म्हणाला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. चार खांब, प्रत्येक खांबाला एक लहान स्टिअरिंग आणि एक पेटी. पेटीत पाचाचं नाणं टाकलं की त्या खांबाची बोट सुरू होते, थोडा वेळ फिरते आणि आपोआप थांबते. तो म्हणाला, पेटी काढून टाकू, आता सगळे मोबाइलवरून पैसे देतात. मी बरं म्हटलं. मग त्याने विचारलं, बोटींना नावं आहेत का? मी नाही म्हणून सांगितलं. काळतोंडी, ढवळी, भुरी आणि लंगडी ही तुमच्या वडिलांच्या कळपातल्या मेंढ्यांची नावं, हे अनोळखी माणसाला कुठून सांगत बसायचं? लंगडी उजवीकडे ओढते, तेवढं मात्र सांगितलं.

मधेच बंद पडलेली बोट कशी आणायची तेही सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "आकडा लावलेली काठी नाही का?" तुम्ही काठी कधीच ठेवली नाहीत. काठीने बोटीचा रंग जातो म्हणायचात. कडेला बसून तळहाताने पाणी ढकलायचं, हळूहळू लाट जाते, बोट हलते आणि पलीकडच्या कडेला लागते. त्याला मी करून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, याला फार वेळ लागतो." लागतो, हे खरंच.

तुमचा मुलगा गेला तेव्हा मला सून म्हणून या घरात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. तो वाशीच्या मार्केटला गाडीवर होता, महिन्यातून एखादा दिवस घरी यायचा, त्यातला अर्धा झोपून काढायचा. कावीळ अंगावर काढली आणि ती त्याला घेऊन गेली. दिवस उरकल्यावर माझा भाऊ ओतूरहून मला न्यायला आला. माझी बॅग भरून दारात ठेवलेली होती. तुम्ही ओसरीवर घोंगडीवर बसला होतात आणि इतक्या दिवसांत एक शब्द बोलला नव्हतात.

"पावणं, आठ दिस ऱ्हाऊ द्या तिला," तुम्ही भावाला म्हणालात. "बोटीच्या वायरी जळल्यात. मला डोळ्यानं दिसत न्हाई. ती बारावी शिकलीय, तिला कळंल."

"अहो पावणं, बारावीत वायरी शिकवत नाय."

"मग मला काय चौथीत शिकवल्या व्हत्या?"

सासूबाई रडता रडता हसल्या. भाऊ चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी बोटीचं झाकण उघडलं, तर एकही वायर जळलेली नव्हती. कात्रीने सरळ कापलेल्या होत्या, चारही बोटींच्या. तुम्ही वायरी जोडायला डाग द्यायची कावी तापवून माझ्याकडे दिलीत आणि दुसरीकडे बघत बसलात.

सासऱ्यासमोर सुनेने बसायचं नाही, तोंडाला तोंड लावून बोलायचं नाही, म्हणून मी हौदाच्या या बाजूला आणि तुम्ही त्या. मधल्या पाण्यावरून मग तुम्ही वस्तू पाठवू लागलात. स्क्रू, सेलोटेप, भाजलेल्या शेंगा, देवळातला पेढा. बोट माझ्याकडे लागायची आणि तुम्ही तोंड फिरवून पेटी पुसायला घ्यायचात. दुपारी मी जेवले नाही की शेंगा जास्त यायच्या. मीही माझ्या खांबाच्या बोटीवरून बिस्किटं पाठवायचे. दिवस दिवस आपण एकमेकांशी बोलायचो नाही आणि तरी संध्याकाळी घरी जाताना मला खूप बोलल्यासारखं वाटायचं.

बोलायला बाकीचे होतेच. आठवतं ना, लोक दर्शन करून यायचे आणि आपला हौद म्हणजे देवाचं तीर्थ समजून पाय धुवायचे, दूर्वा टाकायचे, पाण्यात नाणी टाकून हात जोडायचे. दूर्वा बोटीच्या पंख्याला गुंडाळायच्या. "आजी, त्ये तीर्थ न्हाई, खेळ हाय," तुम्ही सांगायचात. एक म्हातारी म्हणाली, "आसू दे रं बाबा, त्यो बी गणपतीचाच आसंल." तुम्ही तिच्यासाठी भुरी फुकट फिरवलीत.

देवळातून येणाऱ्या नाण्यांना हळदकुंकू लागलेलं असायचं. त्याने पेटीची फट चिकट व्हायची, नाणं अडकायचं. रोज सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने फटी साफ करायचं काम माझं. माझी बोटं लाल व्हायची, ती दिवसभर तशीच राहायची. एकदा एका बाईने नातवासाठी नाणं पुढे केलं, माझा हात पाहिला, कपाळ पाहिलं आणि नाणं मागे घेतलं. "आधी हात तरी धू गं बाई," म्हणाली. तुम्ही पलीकडून ओरडलात, "मावशी, नाणं टाकायचं तर टाका, न्हाईतर माणसाला जागा द्या." तुमचा एवढा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो मेंढरांमागचा आवाज होता. रांगेतली मुलंसुद्धा सरळ उभी राहिली.

मला तुम्ही एकदाच रागावलात. माघातल्या थंडीत ग्रीस संपलं होतं आणि मी बोटींच्या पंख्याच्या दांडीला घरातलं खोबरेल घातलं. सकाळी जत्रेची रांग लागलेली आणि चारही बोटी जागच्या हलेनात. तुम्ही काळतोंडी उचललीत, दांडीला बोट लावलंत, वास घेतलात. थंडीने तेल गोठून पांढरं झालं होतं.

"ह्ये काय घातलं?"

"खोबरेल."

"बोट हाय का डोकं?"

सगळी रांग हसली. मी पदराआड रडले. तुम्ही चारही बोटी हौदाच्या कडेवर ओळीने उन्हाला बसवल्यात आणि लोकांना सांगितलंत, "जरा दम काढा राव, जनावरं गारठलीत." दुसऱ्या दिवशी लंगडी वाकडीतिकडी होत माझ्याकडे आली. तिच्यावर ग्रीसचा डबा आणि तेलाची छोटी बाटली. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "डबा बोटीला. बाटली डोक्याला." तुमचा मुलगा गेल्यापासून मी केसांना तेल लावलं नव्हतं. घरात कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता ती दुपार. पावसाळ्याच्या आधीचे दिवस आहेत, रस्त्यावर कोणी नाही, हारवाली टोपलीवर ओलं फडकं टाकून पेंगतेय. तुम्ही ढवळीवर काहीतरी ठेवता, झाकणाच्या रबराखाली नीट बसवता. मग बराच वेळ बोट सोडत नाही. शेवटी ती येते, अगदी सरळ येते. रबराखाली एक लहान फोटो आहे, पालथा ठेवलेला. मला फक्त मागची पांढरी बाजू दिसते आणि स्टुडिओचा पुसट शिक्का. तुम्ही पाठ करून उभे आहात.

काय आहे ते मला कळतं. सासूबाई महिनाभर घोळवत होत्याच, "आमच्यात पाट लावत्यात. रीत हाय. तरण्या पोरीला काय खुट्याला बांधून ठेवायची?" दुसऱ्या लग्नात मला काही लाज वाटत नव्हती. मला एवढंच वाटलं की हा फोटो मी उलटला तर मला हौदाच्या या बाजूवरून उठावं लागेल. आणि असंही वाटलं की तुम्हालाही आता माझं ओझं झालंय, आठ दिवस म्हणता म्हणता किती दिवस झाले. मी फोटोला हात लावला नाही. तळहात पाण्यात घातला आणि ढकललं. ढवळी मागे गेली, मधे थांबली. मी पुन्हा ढकललं. तुम्ही आवाज ऐकून वळलात. स्टिअरिंगला हात लावला नाहीत. बोट स्वतः येऊन कडेला लागेपर्यंत उभे राहिलात, मग फोटो काढून वरच्या खिशात ठेवलात आणि म्हणालात, "वारं सुटलंया. ताडपत्री टाकू."

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते. तुम्ही बाहेरच्या खोलीत सासूबाईंना सांगत होतात, "तिचं मन आपल्या लेकात गुतलंय. पोरीनं त्याचं नाव राखलं. आता पुन्यांदा ह्यो इषय काढायचा न्हाई." सासूबाईंनी नाक ओढल्याचं ऐकलं. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि बाहेर आले नाही. त्या दिवशी तुम्हाला किती दिवसांनी काहीतरी बरं वाटलं होतं.

भाद्रपदात तुम्ही गेलात. सकाळी शेळीला पाला टाकायला म्हणून उठलात आणि गोठ्यातच बसलात. तेवढंच.

पुढे घर झाडताना तुमच्या खाटेखाली बोटीच्या नव्या बॅटऱ्या सापडल्या, खोक्यातून न काढलेल्या. मी सासूबाईंना विचारलं, बोटी चारच, मग एवढ्या कशाला आणल्या?

"घोडेगावला जायचा न्हवं का," त्या म्हणाल्या. "तुला सांगायचा, बॅटऱ्या आणाया चाललो. माणूस बघाया जायचा. मग रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून दर टायमाला एक घिऊन यायचा."

"कोणता माणूस?"

"आता तुला काय करायचंय? फोटोतला. बायको वारलेली, पदरात एक पोरगी. त्याच्या दाराम्होरच्या टपरीवर बसून बघत ऱ्हायचा, बोलतो कसा, पितो का. एकदा म्हणला, आज बघितलं. सवताच्या हातानं पोरीच्या डोक्याला तेल लावून येण्या घालत व्हता. म्हणला, हितं द्यायला हरकत न्हाई."

फोटो कुठे गेला ते त्यांना माहीत नव्हतं. तुमचे कपडे त्याआधीच देऊन टाकले होते.

तेव्हापासून हौद मी एकटी चालवते आहे. समोरच्या खांबाला मुलं असतात, त्यांचे आईबाप असतात, पण बोटीवर काही ठेवून कोणी पाठवत नाही. बंद पडलेली बोट पलीकडच्या कडेला लागली की मला उठून फिरून जावं लागतं. त्या फिरून जाण्याची सवय अजून झालेली नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे, म्हणून हे लिहायला बसले. माझं मन तुमच्या मुलात गुंतलेलं नव्हतं. त्याचा चेहरा आठवायला मला भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे बघावं लागतं. तो गेला तेव्हा मी रडले ते बायका बसल्या होत्या म्हणून. तुम्ही गेल्यावर मी हौदावर येऊन चारही बोटी पाण्यात सोडल्या, नाणी टाकून बसले, आणि तुमच्या बाजूला कोणी खोकत नाही हे ऐकत राहिले. मी थांबले होते ती तुमच्यासमोर बसता यावं म्हणून. हे तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं की बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

हॉटेलवाला जाताना म्हणाला, "बोटी नेतो, पण ताई, तुम्हीही या. आमच्या पोरांना स्टिअरिंग कळेल, बोट नाही कळणार." राहायला खोली देतो म्हणतो. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आता फारशा उठत नाहीत, पण कान शाबूत आहेत. "माझ्याकडं काय बघतीस?" म्हणाल्या. "मागच्या येळी फोटू परत धाडलास, तवा कुनाला इचारलं व्हतंस?" मग स्वतःच म्हणाल्या, "माझी खाट घ्या म्हंजी झालं." मी होय म्हटलं. उद्या टेम्पो येणार आहे. पेटी तो टाकून देणार आहे, म्हणून एक पेटी मी खोलून आमच्या सामानात घातली आहे, कुंकवासकट.

कळंबहून घोडेगाव फार लांब नाही. होय म्हणताना ते माझ्या मनात नव्हतं असं लिहिलं तर तुम्ही पाण्याकडे बघून हसाल. मामा, एवढ्या वर्षांत हौदावर तेल लावून घट्ट वेणी घातलेली एखादी मुलगी आली, की मी आधी तिच्याबरोबरच्या माणसाकडे बघते. चेहरा मला माहीत नाही, म्हणून हात बघते. ती मुलगी केव्हाच मोठी झाली असेल, तिला आता कोणी वेणी घालत नसेल, हे मला कळतं. तरी बघते.