पिस्तुलाला लावलेलं कुंकू

नांदेड, खंडेनवमी, संध्याकाळ

दोनदा साबण लावला, तरी बोटावरचं कुंकू जात नाही.

पूजा यांनीच मांडली होती. विळी, कात्री, पाना, वर झेंडूची फुलं. मी दरवर्षीसारखी एकेकाला हळद-कुंकू लावत गेले. फुलांखाली काहीतरी गार लागलं. त्यालाही लावलं. फुलं सारली, तर पिस्तूल!

"अहो, हे काय?"

"लायसन्स हाय त्याचं. कशाला घाबरून राहिलीस?"

"कधी घेतलं?"

"झाले की सहा महिने."

सहा महिने! बाजारात गोळीबार होऊन चौघं गेले, त्यात गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीचा, सुनंदाचा नवरा, ते तर गेल्या महिन्यात. नंतरच्या सभेत व्यापारी परवाने मागत होते, तेव्हा हेच उठून म्हणाले, कुणाच्याच घरात बंदूक नको. सुनंदा माझ्याशेजारी रडत होती. मला यांचा केवढा अभिमान वाटला! आणि तेव्हा हे पिस्तूल आमच्याच कपाटात होतं.

हे बोलून दाखवलं, तर म्हणतात, "ते सभेतलं बोलणं. घरचं येगळं."

म्हणजे मी कुठली? सभेतली की घरची?

परवा गल्लीतल्या हळदी-कुंकवाला सुनंदाला बोलावलं नाही, म्हणून मी किती भांडले. उद्या दसरा. ती सोनं द्यायला येईल, यांच्या पाया पडेल. तिच्याकडं कुठल्या तोंडानं बघू?

गोळीनं जिचं कुंकू पुसलं, तिच्या कपाळाला कुणी बोट लावत नाही. आणि मी पिस्तुलाला लावून बसले.